‘काही होत नाही’ म्हणण्याआधी

सुट्टीच्या दिवसांत एखाद्या मोठ्या तलावाच्या किंवा धरणाच्या धक्क्यावर दहा मिनिटे उभे राहावे. मोटारबोट येते, आधीचे लोक उतरतात, पुढचे चढतात. बोटीवरचा मुलगा नारिंगी लाइफ जॅकेटांचा ढीग पुढे सरकवतो. कोणी ते मांडीवर ठेवतो, कोणी बाकावर बसायला अंथरतो, कोणी फोटोपुरते गळ्यात अडकवतो आणि बक्कल मोकळेच सोडतो. एखाद्या आजी विचारतात, “हे घालायचे का रे?” आणि कोणीतरी हसून म्हणते, “राहू द्या आजी, काही होत नाही. वीस मिनिटांची तर फेरी आहे.” बोट सुटते, वीस मिनिटांनी परत येते आणि खरोखरच काही झालेले नसते.

वाचकहो, आज आपण या तीन शब्दांचाच विचार करणार आहोत. प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. बोटीवरची सूचना ही नावाड्याची किंवा सरकारची बाब, तिचा अध्यात्माशी संबंध काय, असेही मनात येईल. पण नीट पाहिले तर इथे एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. जी सूचना मोडली तरी बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, ती पाळणे हे माझे कर्तव्य आहे का? आणि असेल, तर ते कोणाप्रती?

अनुभव कुठे फसवतो

‘काही होत नाही’ हे वाक्य खोटे असते तर प्रश्न सोपा होता. अडचण ही की ते बहुतेक वेळा खरे असते. ज्या बोटीत आज क्षमतेहून जास्त माणसे बसतात, तीत बहुधा कालही बसलेली असतात. काल ती सुखरूप परतली, म्हणून आज आणखी चार जणांना जागा केली जाते. अनुभवाला आपण गुरू म्हणतो, पण हा गुरू एका बाबतीत फार फसवा आहे. तो निष्काळजी माणसाला रोज उत्तीर्ण करत राहतो, आणि नापास करतो तेव्हा पुन्हा परीक्षेला बसू देत नाही.

७ मे २०२३ रोजी, रविवारी संध्याकाळी, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जण मरण पावले. त्यांत अनेक लहान मुले होती. ती बोट मुळात मासेमारीची होती, फेरफार करून पर्यटकांसाठी वापरली जात होती, आणि तीत परवानगीपेक्षा जास्त माणसे होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. तिथेही क्षमतेहून जास्त मुले बसवलेली होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्या तलावाच्या काठी फिरायला गेलेले आपले वाचकही असतील.

या दोन्ही ठिकाणी कोणतेही अज्ञात संकट आले नव्हते. वादळ नव्हते, खोल समुद्र नव्हता. जे नियम मोडले गेले ते सर्वांना ठाऊक असलेले नियम होते: किती माणसे बसवायची आणि अंगावर काय घालायचे. ज्ञान होते, पण त्या ज्ञानाला वागण्यात जागा मिळाली नव्हती. अध्यात्माच्या वाटेवर चालणाऱ्याला ही दरी चांगली ओळखीची असते. काय योग्य ते कळते, पण त्या क्षणी हातून घडत नाही.

सूचनेमागचे कारण

सूचना आपल्याला जाचक वाटते, कारण तिच्यामागचे कारण आपल्यापर्यंत पोहोचलेले नसते. म्हणून आधी काही कारणे समजून घेऊ.

जॅकेट बोटीत असून भागत नाही, ते अंगावर का हवे? बोट कलंडते ती काही सेकंदांत. बाकाखालचे जॅकेट शोधून, पट्टे ओढून, बक्कल लावायला तेवढा अवधी मिळत नाही. पाण्यात पडल्यावर ते अंगावर चढवणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कठीण जाते. ‘मला पोहता येते’ हे उत्तरही पुरेसे नाही. पडताना डोक्याला मार बसू शकतो, साडी किंवा सलवार पायांत गुंडाळते, आणि घाबरलेला शेजारी गळ्याला मिठी मारतो. अमेरिकेचे तटरक्षक दल सहलीच्या बोटींच्या अपघातांची दरवर्षी मोजदाद करते. तिच्यातून वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते. बुडून मेलेल्या पाच जणांपैकी चारांहून अधिकांच्या अंगावर जॅकेट नव्हते.

मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले तर ते पाण्यात वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटू शकते. बक्कल लावल्यावर जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचलून पाहावे. ते मुलाच्या कानांपर्यंत आले, तर ते त्याच्या मापाचे नाही.

एका बाजूला गर्दी का करायची नाही? ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळच्या तेक्कडी येथे पेरियार जलाशयात दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावरचे वन्य प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला सरकले आणि मुळातच पुरेशी स्थिर नसलेली ती बोट कलंडली. प्रत्येकाने केले ते एवढेच, की तो दोन पावले सरकला.

पेट्रोल भरल्यावर लगेच इंजिन का सुरू करायचे नाही? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या बंद तळाशी साचते, आणि इंजिनची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून आत इंजिन असलेल्या बोटीत ते सुरू करण्याआधी निदान चार मिनिटे पंख्याने तळातली हवा बाहेर काढतात. बोट उभी राहून इंजिन नुसते चालू असेल तर मागच्या कठड्याशी का बसायचे नाही? तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागते, मळमळते आणि माणसाला वाटते की बोट लागली.

आणखी एक छोटी वस्तू आहे, जिच्याकडे आपले लक्षही जात नाही. वेगाने धावणाऱ्या लहान मोटारबोटीत चालकाच्या मनगटाला किंवा मांडीला बांधायची एक लाल, पिळदार दोरी असते. तिचे दुसरे टोक इंजिनच्या कळीला जोडलेले असते. चालक फेकला गेला की दोरी खेचली जाते आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडते. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, पॅडस्टोजवळच्या खाडीत, सहा जणांचे एक कुटुंब आपल्या वेगवान बोटीतून फिरत होते. एका तीव्र वळणावर सहाही जण पाण्यात फेकले गेले. ती दोरी कोणालाच बांधलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगात गोल गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या त्याच माणसांवर पुन्हा पुन्हा येत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, आई आणि मुलगा गंभीर जखमी झाले. शेवटी दुसऱ्या बोटीवरून एकाने त्या फिरत्या बोटीत उडी टाकून ती आवरली. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान मोटारबोटींच्या चालकांना अशी दोरी वापरणे बंधनकारक झाले आहे.

कठोपनिषदातील रथाचे रूपक आपल्या परिचयाचे आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम. लगाम सुटलेल्या रथाचे घोडे कुठेही जाऊ शकतात, पण चालक नसलेली बोट बहुधा जिथून सुटली तिथेच, आपल्याच माणसांकडे, वळून येते. आपल्या बेसावधपणाचा फटका क्वचितच परक्यांना बसतो. तो बसतो जवळ बसलेल्यांना.

‘माझा जीव, माझा धोका’

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आधुनिक आहे. मी सज्ञान आहे, माझ्या जिवाचे काय करायचे ते मी ठरवीन, इतरांनी मला का शिकवावे?

या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. गिर्यारोहक धोका पत्करतो, एकटा दर्यात जाणारा खलाशी पत्करतो, आणि आपण त्यांना दोष देत नाही. पण त्यांनी धोका पाहिलेला असतो, मोजलेला असतो, त्यासाठी महिनोन्‌महिने तयारी केलेली असते. जाणून पत्करलेला धोका वेगळा आणि बघायचाच नाही म्हणून अंगावर आलेला धोका वेगळा. जॅकेट मांडीवर ठेवून सेल्फी काढणाऱ्याने कोणताही धोका ‘निवडलेला’ नसतो. त्याने फक्त विचार करण्याचे टाळलेले असते.

दुसरे असे, की सहलीच्या बोटीत ‘माझा’ धोका असा वेगळा काढताच येत नाही. मी पाण्यात पडलो तर कोणीतरी माझ्यामागे उडी घेणार. माझा भाऊ असेल, किंवा ज्याचे नावही मला ठाऊक नाही असा तो बोटीवरचा मुलगा. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला स्वतःच बुडाला, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मी जॅकेट घातले नाही, तेव्हा मी त्याच्याही जिवावर एक हुंडी काढली, आणि त्याला विचारलेसुद्धा नाही.

तिसरे, समोर बसलेले सहा वर्षांचे मूल माझ्याकडे पाहत असते. मोठी माणसे घालत नाहीत, म्हणजे हे घालण्यासारखे काही नसावे, एवढे त्याला नक्की कळते. घरी आपण त्याच्यावर संस्कार करण्यासाठी गोष्टी सांगतो, श्लोक पाठ करून घेतो. इथे एकही शब्द न बोलता संस्कार होऊन गेलेला असतो.

‘जे व्हायचे ते होणारच’

दुसरा आक्षेप जुना आहे आणि तो आपल्यासारख्या श्रद्धाळू माणसांच्या तोंडी अधिक शोभतो, म्हणून तो अधिक धोक्याचा आहे. आयुष्याची दोरी असेल तर काही होणार नाही, संपली असेल तर जॅकेट वाचवणार नाही. गंगामैया सांभाळील, नर्मदामाई पार नेईल.

हा युक्तिवाद महाभारतातही आहे, आणि तो कोणाच्या तोंडी आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उद्योगपर्वात युद्ध टळण्याची अखेरची संधी असताना धृतराष्ट्राला रात्री झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो. विदुर रात्रभर त्याला सावध करतो. काय चुकते आहे, याचा शेवट कशात होईल, अजून काय करता येईल, सारे सांगतो. धृतराष्ट्र एक शब्दही खोडून काढत नाही. उलट तो कबूल करतो की तुझे म्हणणे मला पटते, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पालटते. आणि मग तो म्हणतो की दैवापुढे माणसाचे काही चालत नाही, पुरुषार्थ व्यर्थ आहे. इथे दैवाचा सिद्धांत कुठून आला ते पाहावे. तो चिंतनातून आलेला नाही. सूचना पटली, पण पाळायची नाही, त्या जागी तो आला आहे.

आपलेही असेच होते का, हे ज्याचे त्याने तपासावे. घराला कुलूप लावताना आपण प्रारब्धाचा आधार घेत नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताना ‘जायचे असतील तर जातील’ म्हणत नाही. मग जिवाच्या बाबतीतच दैव का आठवते? बहुधा याचे उत्तर असे, की तिथे जॅकेट घालण्याचा कंटाळा असतो आणि दैवाचे नाव त्या कंटाळ्याला शोभिवंत वस्त्र देते.

समुद्रावर खरी श्रद्धा कशी असते ते कोळी बांधवांकडून शिकावे. दर्या त्यांचे दैवत आहे. श्रावणात नारळी पौर्णिमेला वाजतगाजत जाऊन ते त्याला नारळ अर्पण करतात. पण त्याआधी पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी असते. माशांची वीण व्हावी आणि माणसांचे जीव वाचावेत, हे दोन्ही हेतू तिच्यात आहेत. पण पावसाळ्यात दर्याला विसावू द्यायचे, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. त्या काळात जाळी विणली जातात, होड्यांची डागडुजी होते. ज्याचे पोट समुद्रावर आहे आणि ज्याची भक्ती समुद्रावर आहे, तो समुद्राची परीक्षा घेत नाही. त्याच्या भक्तीतच मर्यादेची जाणीव असते. वीस मिनिटांच्या फेरीसाठी आलेल्या आपल्याला मात्र वाटते, की आपली श्रद्धा त्याच्याहून मोठी आहे.

भीती वेगळी, अवधान वेगळे

तिसरा आक्षेप बहुतेक वेळा थट्टेच्या रूपात येतो. “एवढे काय घाबरता?” विशेषतः तरुण मुलांना हे वाक्य फार लागते. जॅकेट काढून कठड्यावर उभे राहणारा शूर ठरतो आणि पट्टे नीट आवळणारा भित्रा.

इथे आपली भाषाच आपल्याला मदत करते. सावधान हा शब्द ‘स’ आणि ‘अवधान’ यांनी बनला आहे. अवधानासह असणारा, तो सावधान. त्यात भीतीचा अंशही नाही. लग्नमंडपात ‘सावधान’ म्हणतात तेव्हा कोणी वधूवरांना घाबरवत नसते. जे घडते आहे ते पुरते लक्ष देऊन घडू द्या, असे सांगत असते. बोहल्यावर हा शब्द कानी पडताच समर्थ रामदास तिथून निघून गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मांडवातल्या सगळ्यांनीच तो शब्द ऐकला होता. त्याला अवधान दिले ते एकाने.

भीती आणि अवधान यांतला फरक साधा आहे. भीतीत माणूस स्वतःकडे पाहतो, अवधानात समोरच्या गोष्टीकडे. घाबरलेला माणूस बोट हलताच उठून दुसऱ्या बाजूला धावतो आणि बोट आणखी कलते. सावध माणूस खाली बसून राहतो. बोटीवर धैर्य कोणते, हे अशा वेळी कळते.

आपल्या भूमीवरील परंपरांनी या अवधानाला फार वरचे स्थान दिले आहे. धम्मपदात अप्रमादावर एक स्वतंत्र वर्ग आहे. जैन साधूंच्या आचारात ईर्या समिती आहे, म्हणजे चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे, जेणेकरून एखादा जीव पायाखाली येऊ नये. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द थेट त्या व्याख्येतच घातला. प्रमादाच्या योगाने जी प्राणहानी होते ती हिंसा, असा त्याचा आशय. हा विचार आपल्याला अस्वस्थ करायला हवा. आपण हिंसा म्हटले की द्वेष, राग, शस्त्र असे चित्र डोळ्यांपुढे आणतो. पण बारा जणांच्या बोटीत वीस माणसे बसवणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. तो कदाचित हसतमुखच असतो. तरीही जे घडू शकते त्याचे नाव बदलत नाही.

सूचना कोणाला वाचवण्यासाठी?

इथवर आपण सूचना ऐकणाऱ्याविषयी बोललो. देणाऱ्याविषयीही बोलायला हवे, नाहीतर सारा भार प्रवाशावर टाकल्यासारखे होईल.

सूचना दोन प्रकारच्या असतात. एक समोरच्याला वाचवण्यासाठी दिलेली, दुसरी स्वतःला वाचवण्यासाठी दिलेली. धक्क्यावर पाटी असते, ‘प्रवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’. ती अनेकदा दुसऱ्या प्रकारची असते. ती तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते, किंवा प्रवाशांना न येणाऱ्या भाषेत असते, किंवा बोट सुटल्यावर इंजिनच्या आवाजात पुटपुटली जाते. अशी सूचना दिली की देणाऱ्याची सुटका झाली असे मानले जाते. पण सूचना हे एक ऋण आहे. ज्याला धोका ठाऊक आहे तो ज्याला ठाऊक नाही त्याचा देणेकरी असतो, आणि ते देणे नुसत्या उच्चाराने फिटत नाही. ते फिटते समोरच्याला कळल्यावर. म्हणून चांगला नावाडी सांगून थांबत नाही. तो खाली वाकतो, आजींचे बक्कल स्वतः लावतो, आणि सर्वांचे झाल्याशिवाय दोर सोडत नाही.

त्याची बाजूही समजून घ्यावी. बोटीवरचा मुलगा बहुधा रोजंदारीवर असतो. “सर्वांनी जॅकेट घातल्याशिवाय निघणार नाही” असे म्हणण्याची ताकद त्याच्यापाशी नसते. गिऱ्हाईक चिडले तर मालक त्यालाच बोलणार. प्रवाशांनी “बसू दे रे, दोघेच तर आहेत” म्हटले की तो निमूटपणे सरकून जागा करतो. अशा वेळी त्याच्या बाजूने बोलणारा एक प्रवासी मिळाला तर त्याचे काम सोपे होते. “आम्ही सगळे घालतो, तू घाई करू नकोस. ते दोघे पुढच्या फेरीला येतील.” एवढे एक वाक्य पुरते. नियम पाळणे म्हणजे नुसते स्वतः पाळणे असे नाही. ज्याच्यावर तो पाळून घेण्याची जबाबदारी आहे त्याला बळ देणे, हाही त्याचाच भाग.

फळाची हमी नाही, तरीही

आता सर्वांत कठीण गोष्ट. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. त्या स्पीडबोटीवर इंजिनची चाचणी सुरू होती. १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीवर शंभराहून अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. पण धडक त्यांच्या चुकीने झाली नव्हती. ते लेणी पाहायला निघालेले लोक होते. त्यांचे काय चुकले, असे कोणी विचारू लागला तर तो अन्याय होईल.

म्हणजे काळजी घेणाऱ्याला काही होणार नाही, असे वचन कोणीही देऊ शकत नाही. आणि ज्यांना झाले त्यांनी काळजी घेतली नव्हती, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकारही कोणाला नाही. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्यापुढे ‘प्रारब्ध होते’ म्हणणे जितके कठोर, तितकेच ‘जॅकेट घालायला हवे होते’ म्हणणेही कठोर. तिथे जाऊन गप्प बसावे, हात धरावा, पुढची कामे उचलावीत.

मग हमी नसताना सावध का राहायचे? गीतेतील निष्काम कर्माचा विचार इथेच उपयोगी पडतो. कर्म आपल्या हाती आहे, फळ नाही, हे आपण पूजेच्या, सेवेच्या संदर्भात सहज बोलतो. तेच बक्कल लावण्यालाही लागू आहे. मी बक्कल लावतो ते मृत्यूशी सौदा म्हणून लावत नाही. माझ्या हाती असलेले तेवढे मी करून ठेवतो आणि मग उरलेले मोकळ्या मनाने ईश्वराच्या हाती सोपवतो. आपल्या वाट्याचे न करता सोपवणे याला समर्पण म्हणत नाहीत. ते आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे झाले.

आपल्या पुढच्या सहलीत

आपल्यापैकी अनेक जण शिबिरांना, यात्रांना, कौटुंबिक सहलींना गटाने जातात. वाराणसीचे घाट, भेडाघाटचा नर्मदाप्रवाह, प्रयागचा संगम, कोकणातली खाडी, गोव्यातली मांडवी. कुठे ना कुठे मोटारबोटीत बसण्याची वेळ येते. तीस-चाळीस जणांचा गट, हातात कार्यक्रमपत्रिका, उशीर झालेला, आणि समोर एकच बोट. अशा वेळी गटप्रमुखाची परीक्षा असते. “दोन फेऱ्या करू, पुढचा कार्यक्रम अर्ध्या तासाने लांबेल” असे म्हणणारा त्या क्षणी कोणालाच आवडत नाही. तरीही ते म्हणावे.

बसण्याआधी बोटीची मान्य प्रवासीसंख्या विचारावी आणि मुलांनाही मोजावे. मांडीवरचे मूल हेही एक माणूसच असते. लहान मापाची जॅकेटे आहेत का ते पाहावे. नसतील तर मुलांना घेऊन काठावर थांबण्याची तयारी ठेवावी. दोर सुटण्याआधी सर्वांची बक्कले लागली आहेत का ते एकाने फिरून पाहावे. आग विझवण्याचा सिलिंडर आणि फेकायचे तरंगते कडे कुठे आहे, ते विचारून घ्यावे. बोट छोटी आणि वेगाची असेल तर चालकाला नम्रपणे विचारावे, “दादा, ती लाल दोरी बांधली का?” कोणी पाण्यात उतरलेले असेल तर ते वर येईपर्यंत इंजिन बंद ठेवायला सांगावे, कारण पाण्याखालचा पंखा दिसत नाही. चालकाने मद्य घेतल्याचा संशय आला, किंवा आभाळ भरून आले, तर पैसे गेले तरी चालतील, बसू नये. यातले काहीही चिडून किंवा शिकवण्याच्या सुरात करू नये. ज्या स्वरात आपण घरी “जेवलास का?” विचारतो, त्याच स्वरात “बक्कल लावलेस का?” विचारता येते.

आणि कोणी म्हणालेच, “काही होत नाही हो,” तर वाद घालू नये. “हो, बहुधा होणार नाही,” असे म्हणावे आणि त्याच्या जॅकेटचा सुटलेला पट्टा त्याच्या हातात द्यावा.